केकवॉकवरून रीपरवर (दोन्ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर) आलोय, जुनी सवय सुटत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. दोन माइक, एक छोटा इंटरफेस आणि दाराला टांगलेल्या गोधड्या. पंधरा वर्षं केकवॉकवर काढली. २०१७ मध्ये त्याचं काम थांबल्याची बातमी आली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण २०१८ मध्ये बँडलॅब या कंपनीनं ते हाती घेऊन फुकट दिलं आणि माझी गाडी चालू राहिली. यंदा लॅपटॉप बदलला, त्यासोबत रीपरवर आलो. साठ दिवस वापरून बघता येतं, जुन्या मशीनवरही हलकं चालतं, म्हणून.

गेल्या रविवारी घोळ झाला. आमचे बुवा सत्तरीचे. सकाळी आवाज लागतो, दुपारनंतर बसतो. ट्रॅक आर्म केला (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवला), सवयीनं आर दाबला, मान हलवली. बुवांनी डोळे मिटले आणि गायले. मी त्यांच्या टाळाकडे बघत होतो, स्क्रीनकडे नाही. चार मिनिटांनी बघतो तर पट्टी कोरी. केकवॉकमध्ये आर म्हणजे रेकॉर्ड. इथे आरनं फक्त रिपीटचं बटण चालू झालं होतं, रेकॉर्ड कंट्रोल+आरवर आहे. बुवा काही बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि पुन्हा गायले. पण पहिल्या वेळचा तो तार षड्ज दुसऱ्यांदा लागला नाही. चूक माझीच, पण जीवाला लागली आहे.

तर प्रश्न असे:

सगळे शॉर्टकट केकवॉकसारखे करून घ्यावेत, की नवे पाठ करावेत?

दुसरं, आम्ही क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) गात नाही. गाणं झाल्यावर कीबोर्डची साथ भरण्यासाठी टेम्पो बदलला, तर रेकॉर्ड झालेला आवाजच ताणला गेला. हे कसं थांबवायचं?

तिसरं, बस (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र नेणारी वाट) कुठे आहेत? मला सगळ्या टाळांना एकच रिव्हर्ब (घुमारा) द्यायचा आहे.

प्रतिसाद

दादा, बुवांचं वाचून वाईट वाटलं. मीही याच वाटेनं आलो आहे.

सगळे शॉर्टकट बदलू नका. पुढे अडलात की जो कुणी उत्तर देईल तो रीपरच्या मूळ शॉर्टकटनंच देईल, आणि तुमचं-त्याचं जुळणार नाही. फक्त आर बदला. प्रश्नचिन्ह दाबलं की अ‍ॅक्शन लिस्ट उघडते, तिथे 'ट्रान्सपोर्ट: रेकॉर्ड' शोधून त्याला आर द्या. डब्ल्यूनं सुरुवातीला जाणं आणि एसनं तुकडा पाडणं दोन्हीकडे सारखंच आहे, ते आपोआप जमेल.

टेम्पोचं दुखणं सगळ्यांनाच होतं. ऑल्ट+एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा. तिथे टाइमबेस, म्हणजे आवाज कशाला धरून राहतो ते, 'बीट्स' असतो, तो 'टाइम' करा. मग टेम्पो कितीही हलवा, आवाज जागचा हलत नाही. हे टेम्पोला हात लावण्याआधी करायचं. जो आवाज आधीच ताणला गेला आहे, त्यावर एफ२ दाबून प्लेबॅक रेट १ करा.

मग मोजपट्टी गाण्यावर बसवायची. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे चार-चारचे दोन मेजर (मोजपट्टीवरची घरं). एक आवर्तन समेपासून समेपर्यंत निवडा, वरच्या रूलरवर राइट क्लिक करा आणि निवडीवरून टेम्पो ठरवायला सांगा. शेवटी लय चढते तिथे पुन्हा आवर्तन निवडून तिथूनच नवं मेजर तयार करा. आवर्तन मात्र कानानं निवडा. लाटा बघून निवडलं तर टाळाचा ठोका समेच्या जरा पुढेमागे असतो आणि सगळंच सरकतं.

बस वेगळे नाहीतच. एक कोरा ट्रॅक घ्या, टाळांचे ट्रॅक त्याच्या पोटात घालून फोल्डर करा, रिव्हर्ब त्या वरच्या ट्रॅकवर टाका. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. आर बदलला. टाइमबेसही बदलला, कीबोर्ड आता ठेक्याला धरून बसतोय. शेवटच्या द्रुत भागात तीन ठिकाणी मेजर पाडावं लागलं.

येत्या रविवारी बुवांना सकाळी लवकर बोलावलं आहे. यावेळी लाल पट्टी सरकताना दिसल्याशिवाय मान हलवणार नाही. एकच राहिलं: दोन-तीनदा गाऊन घेतलं तर त्यातले चांगले तुकडे निवडायला टेक (एकाच तुकड्यात साठवलेल्या वेगवेगळ्या वेळा) बरे की रीपरच्या सात नंबरच्या आवृत्तीतल्या लेन (ट्रॅकमधल्या एकाखाली एक पट्ट्या)? बुवांची एक ओळ पहिल्या वेळी चांगली असते, दुसरी तिसऱ्या वेळी.