सीईएच (एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट) नाही तर सायबर सिक्युरिटीत अर्जच करू नका म्हणे!

रातपाळी_जालना: काल इथं एका ज्येष्ठांनी लिहिलं, "सीईएच नसेल तर अर्ज करू नका, आणि रेझ्युमेवर पुण्याचाच पत्ता टाका. मराठवाड्याचा दिसला की फोन येत नाही." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझ्याकडं सीईएच नव्हतं. फी ऐकून वडील सोयाबीनचा भाव मोजायला लागले. जुन्या लॅपटॉपवर वाझू (लॉगवर नजर ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर) बसवलं, व्हर्च्युअलबॉक्समधल्या, म्हणजे लॅपटॉपातच चालणाऱ्या दुसऱ्या, विंडोजवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारले. लॉगमध्ये 4625 ची (लॉगिन फसलं) रांग आणि शेवटी एक 4624 (लॉगिन झालं)! त्यावर दोन पानं लिहिली, लिंक रेझ्युमेत दिली. मुलाखतीत निम्मा वेळ त्याच्यावरच गेला. एसओसीत (हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये) लागून दीड वर्ष झालं.

लातूरकर: तुमचा रेझ्युमे कुणीतरी वाचला हो. आमचा नोकरीचं पोर्टलच गाळायलंय. जाहिरातीत सीईएच किंवा सिक्युरिटी प्लसचं सर्टिफिकेट लिहिलेलं असतं, मग कामून नाही घ्यायचं? नशिबाला पद्धत म्हणू नका.

रातपाळी_जालना: नशीब? दीडशे अर्जांनंतर एक फोन आला, त्याला नशीब म्हणता?

अंबाजोगाईची: मी मुलाखती घेते, म्हणून बोलते. रेझ्युमेत "काली लिनक्स: एक्स्पर्ट" (हॅकिंगची टूल्स असलेली सिस्टीम), आणि थ्री-वे हँडशेक, म्हणजे दोन कॉम्प्युटर जोडणी कशी सुरू करतात, ते विचारलं की छताकडं बघतात. फिशिंग मेल आली तर? "डिलीट करीन." अरे, हेडर (मेल कुठून कशी आली त्याची नोंद) बघ, एसपीएफ-डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनची आहे का याच्या तपासण्या) पास झालं का बघ, आणखी कुणाला आली, कुणी क्लिक केलं ते शोध! आणि वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, खाली डिक्लेरेशन... पोरांनो, हा लग्नाचा बायोडाटा आहे का? जालनेकर, 4624 मध्ये लॉगॉन टाइप (लॉगिन कुठल्या मार्गानं झालं) बघितला होता का? 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून केलेलं लॉगिन. दोन पानांत ते नसेल तर एकच पान समजा.

परभणी_जगात_भारी: पत्त्याचं बोला की. मी मित्राच्या कोथरूडच्या खोलीचा टाकला होता. फोन आला, "उद्या दहाला हिंजवडीत या." रात्री ट्रॅव्हल्स पकडली, ती नगरच्या अलीकडं बंद पडली. पोचलो साडेबाराला. म्हणलं, ट्रॅफिक होतं. ती एचआर बाई म्हणली, "कोथरूडहून अडीच तास?"

लातूरकर: 😂 खरं सांगायचं की लेका!

रातपाळी_जालना: खोटा पत्ता टाकून सिक्युरिटीत यायचं? उद्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला त्या खोलीवर गेला तर? गावाची एवढी लाज वाटते का?

परभणी_जगात_भारी: लाज काढू नका. तुमचं जालना संभाजीनगरला खेटून आहे. आमच्याकडून मुलाखतीला यायचं म्हणजे एक रात्र, जाऊन-येऊन भाडं आणि रोजंदारी बुडते ती वेगळी. पहिली फेरी ऑनलाइन घ्या म्हणावं, मग लिहितो मु. पो. सकट.

अंबाजोगाईची: हे मान्य. आमच्याकडं पहिली फेरी ऑनलाइनच असते. पत्ता मी बघतही नाही, पण एचआर बघतात, हे खोटं कशाला बोलू. "पुण्यात यायला तयार" एवढी ओळ टाका.

लातूरकर: म्हणजे ते ज्येष्ठ अर्धे बरोबरच होते!

रातपाळी_जालना: पत्त्यापुरते. हार घेऊन जा त्यांच्याकडं.

लातूरकर: जातो की. त्याआधी त्या दोन पानांची लिंक द्या.

रातपाळी_जालना: आधी डिक्लेरेशन काढ. आणि थांब जरा, लॉगॉन टाइप घालायचा राहिलाय.