कुमिंगाला आता पूर्ण जबाबदारी द्यावी की नाही?

गोदाकाठ (मे २०२५)

एनबीएमधल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) गोल्डन स्टेट वॉरियर्सचा हंगाम १४ मे रोजी संपला. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जनी प्लेऑफची (बाद फेरीची) मालिका ४-१ ने घेतली. पहिल्याच सामन्यात आपल्या मुख्य खेळाडूचा, स्टीफन करीचा हॅमस्ट्रिंग दुखावला, तिथेच अर्धा निकाल लागला होता, यावर कुणाचं दुमत नसावं. माझा विषय वॉरियर्सचा तरुण फॉरवर्ड जोनाथन कुमिंगा आहे. गेला आठवडाभर जो तो म्हणतोय, "करी नव्हता म्हणून पोराला बॉल मिळाला, त्यात काय मोठं?"

मला ते मोठं वाटतं. शेवटच्या चार सामन्यांत त्याचे पॉइंट बघा: १८, ३०, २३, २६. समोर रिंगखाली रूडी गोबेअर, बाहेर जेडन मॅकडॅनियल्स. लीगमधल्या चांगल्या बचावांपैकी हा एक. आणि हा मुलगा त्याआधी महिनाभर काय करत होता? बसून होता. १३ एप्रिलला क्लिपर्सविरुद्ध हंगामातला शेवटचा आणि महत्त्वाचा सामना, त्यात तंदुरुस्त असूनही एक मिनिट नाही. दोन दिवसांनी मेम्फिसविरुद्ध प्ले-इन (प्लेऑफमध्ये जागा मिळवण्यासाठीचा सामना), तिथेही नाही. रॉकेट्सच्या मालिकेतही काही वेळा तो बेंचवरून उठलाच नाही. असा गार पडलेला खेळाडू अचानक आत येतो आणि प्लेऑफच्या सामन्यात ३० पॉइंट काढतो. याला तयारी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

त्याचं वय २२ आहे. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या क्रमांकावर आला, पहिल्याच वर्षी विजेतेपदाची अंगठी मिळाली, पण चार वर्षांत त्याची भूमिका सलग तीन महिने कधी एक राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मधला डेन्व्हरचा सामना आठवतोय? १६ पॉइंट केलेल्या मुलाला शेवटची १८ मिनिटं बसवून ठेवलं, १८ पॉइंटची आघाडी गेली आणि डेन्व्हरच्या योकिचने शेवटच्या सेकंदाला लांबून बॉल टाकून सामना नेला. कोच स्टीव्ह कर यांच्यावरचा कुमिंगाचा विश्वास उडाल्याच्या बातम्या त्यानंतरच आल्या. मग त्याला नीट खेळवलं, तर त्या हंगामाची सरासरी १६.१ पॉइंटवर गेली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सलग दोन सामन्यांत ३४-३४. आठवड्याभरात घोटा मुरगळला, ३१ सामने गेले, तेवढ्यात संघात अनुभवी जिमी बटलर आला आणि याची जागाच गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून स्टार्टर (सुरुवातीच्या पाचात), रोज ३२ मिनिटं, आणि दोन चुका झाल्या म्हणून बाहेर काढायचं नाही.

झोन डिफेन्स

असहमत. आकडे खरे आहेत, पण ते चारही सामने वॉरियर्स हरले. करी बाहेर असताना शॉट कुणीतरी मारायचेच होते. त्यातले बरेचसे कुमिंगाने घेतले आणि चांगले मारले, त्याबद्दल कौतुकच आहे. पण करी परत आल्यावर काय? खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

ड्रेमंड ग्रीन, बटलर आणि कुमिंगा एकत्र मैदानात आणा. बटलर थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) फार मारतच नाही. ग्रीनला समोरचा संघ मुद्दाम मोकळा सोडतो. कुमिंगाचं या हंगामातलं थ्रीचं प्रमाण ३०.५ टक्के. म्हणजे तिघांचे बचावपटू निवांत एक-दोन पावलं मागे जाऊन पेंटमध्ये (रिंगखालच्या भागात) उभे राहू शकतात आणि करीवर दोघं धावून जाऊ शकतात. करीने बॉल सोडला की पुढे रस्ताच नसतो. हे गणित कोच मंडळींनी महिनोन्महिने बघितलंय, म्हणून त्यांनी कुमिंगाला बसवलं. त्यात कसला आकस नाही. बटलर आल्यापासून संघ कसा सुसाट सुटला तेही आपण पाहिलं.

आणखी दोन गोष्टी. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) गेल्या वर्षी ७४.६ टक्के होते, यंदा ६६.८. ज्याचा सगळा खेळ अंगावर जाऊन फाउल मिळवण्यावर उभा आहे त्याने लाइनवर एकतृतीयांश बॉल वाया घालवायचे? आणि एवढी उडी असलेल्या फॉरवर्डला सामन्याला ४.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल)? रिबाउंडसाठी कुणी प्ले काढून द्यावा लागत नाही.

आपल्याच संघातून गेलेल्या जॉर्डन पूलचंही असंच झालं होतं. २०२२ मध्ये सगळ्यांना तो पुढचा तारा वाटत होता. वॉशिंग्टनला गेल्यावर मोठी भूमिका मिळाली, मनासारखे शॉट मिळाले, आणि पहिल्या हंगामात संघ १५ जिंकला, ६७ हरला.

मैदानवाली

मी विद्यापीठाकडून खेळले आहे आणि आता शाळेतल्या मुलींना शिकवते, त्यामुळे माझी नजर बॉलपेक्षा बाकीच्या चौघांवर जास्त जाते.

कुमिंगा बॉल हातात असताना काय करतो हे सगळ्यांना दिसतं. विंगवर बॉल घेतला, एक जॅब, एक लांब ड्रिबल, खांदा आत घातला आणि उडाला. त्या पहिल्या पावलाला लीगमध्ये फार कमी लोकांकडे उत्तर आहे. आता पुढच्या वेळी मॅच बघताना एकच करा: त्याने पास दिल्यानंतरचे तीन सेकंद बघा. वॉरियर्सच्या पद्धतीत पास दिला की तुमचं काम सुरू होतं. जाऊन स्क्रीन लावायचा (साथीदाराच्या बचावपटूची वाट अडवायची), नाहीतर बास्केटकडे कट मारायचा (झटकन धावायचं), आणि दोन्हीपैकी काय ते समोरचा कसा उभा आहे त्यावरून ठरवायचं. संघातले पॉझेम्स्की आणि मूडी हे न सांगता करतात. कुमिंगा पुष्कळदा जिथे पास दिला तिथेच उभा राहतो, हात पुढे करून, बॉल परत येईल म्हणून. त्याचा बचावपटू मग मोकळाच. तो करीच्या मागे धावतो.

बचावातही तेच. समोरासमोर तो कुणालाही अडवतो. बॉल दुसऱ्या बाजूला गेला की मान बॉलकडे वळते आणि याचा माणूस पाठीमागून निसटतो.

हा आळस नाही, हे मी ठामपणे सांगेन. काँगोतल्या गोमाहून किशोरवयात अमेरिकेत आलेला मुलगा, कॉलेजमध्ये खेळलाच नाही, जी लीग इग्नाइटकडून (एनबीएच्या दुय्यम लीगमधला संघ) १३ सामने आणि थेट एनबीए. लहानपणापासून प्रत्येक संघात बॉल याच्याच हातात होता. बॉलशिवाय खेळायचं त्याला कुणी शिकवलं कधी? माझ्या मते तो मोठ्या भूमिकेला तयार आहे, या संघातल्या नाही. बेंचवरून येऊन दुसऱ्या फळीचा मुख्य स्कोअरर, २६-२८ मिनिटं, ही आजची त्याची जागा.

फ्रिमाँटकर

तिसऱ्या सामन्याला मी वॉरियर्सच्या घरच्या मैदानात, चेस सेंटरमध्ये होतो, त्या ३० पॉइंटच्या. ताईंचं बरोबर आहे, वरच्या रांगेतून ते उभं राहणं टीव्हीपेक्षा जास्त दिसतं. पण दुसरी गोष्टही दिसते. बटलरकडे बॉल नसेल आणि करी नसेल तेव्हा त्या संघात बास्केटवर धडक मारणारा दुसरा माणूसच नाही. गोबेअर उभा असताना आत जायची छाती फक्त कुमिंगा दाखवत होता.

करी ३७ वर्षांचा आहे. ग्रीन आणि बटलर ३५. हे तिघं ८२ सामने एकत्र खेळणार या भरवशावर तुम्ही रोटेशन (कोण किती वेळ खेळणार) आखत असाल तर एप्रिलमध्ये पुन्हा हीच वेळ येईल. तिघं एकत्र असताना कुमिंगा त्यांच्यात जुळत नाही हे मान्य. मग तिघांतल्या एकाला बसवून त्याची मिनिटं का ठरवून देत नाहीत? ग्रीन बाहेर असतानाचे पाच वेगळे, बटलर बाहेर असतानाचे वेगळे. ते काम कोचचं आहे. मला राग याचा येतो की कधी ३५ मिनिटं आणि कधी शून्य, मधलं काही नाहीच.

झोन डिफेन्स

मिनिटं ठरवून देण्याला माझा विरोध नाही. "चुका झाल्या तरी बाहेर काढायचं नाही" याला आहे.

सिक्स्थ मॅन

सगळे खेळावर बोलताय, पण निर्णय जुलैत होणार आहे. गेल्या शरद ऋतूत मोझेस मूडीने ३ वर्षांचा ३.९ कोटी डॉलरचा करार केला, कुमिंगाचं जमलं नाही. आता तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होईल. म्हणजे दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार वॉरियर्स तेवढ्याच रकमेला जुळवू शकतात. कुणीच दिला नाही तर साधारण ८० लाख डॉलरची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर घेऊन त्याला पुढच्या उन्हाळ्यात मोकळं होता येईल.

म्हणून "बेंचवरून २६ मिनिटं" हे कागदावर ठीक आहे. कुठला २२ वर्षांचा खेळाडू ते ऐकून सही करेल? वॉरियर्सच्याच जेम्स वाइझमनचं उदाहरण घ्या. ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची पिक, ना धड खेळवला, ना वेळेवर सोडला, शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये डेट्रॉइटला दिला तेव्हा हातात फारसं काही आलं नाही. विश्वास असेल तर द्या जबाबदारी. नसेल तर आत्ताच सौदा करा, किंमत आहे तोवर.

गोदाकाठ

झोन डिफेन्स, पूलचं उदाहरण मला लागू वाटत नाही. पूल वॉशिंग्टनला गेला तो संघच पहिल्यापासून बांधायला काढलेला होता, तिथे कुणीही गेलं असतं तरी फार वेगळं झालं नसतं. त्यापेक्षा आपल्याच संघातल्या जिमी बटलरकडे बघा ना. पहिल्या हंगामात सामन्याला २.६ पॉइंट. २०१५ मध्ये लीगमधला सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. कुमिंगाला अजून तीन वर्षं आहेत.

झोन डिफेन्स

बटलरचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. तिसऱ्या हंगामात, २०१३-१४ मध्ये, तो ३८ मिनिटांहून जास्त खेळत होता आणि त्याच वर्षी ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या संघात होता. पॉइंट नंतर आले. आधी त्याने रोज रात्री समोरचा सगळ्यात अवघड माणूस अडवून दाखवला, म्हणून कोचला त्याला बाहेर काढणं परवडत नव्हतं. कुमिंगाकडे अशी एक तरी गोष्ट आहे का, जी शॉट पडत नसतानाही त्याला मैदानात ठेवेल?

गोदाकाठ

त्याच २०१३-१४ मध्ये बटलरचे शॉट ३९.७ टक्के पडले होते. चाळीसच्या खाली! तरी त्याचे तेव्हाचे कोच थिबोडो यांनी त्याला ३८ मिनिटं ठेवलं. कुमिंगाचा सगळ्यात मोठा हंगाम २६.३ मिनिटांचा आहे, आणि त्यात त्याचे निम्म्याहून जास्त शॉट पडले. चार शॉट चुकले तरी मी उद्या खेळणार आहे, ही खात्री बटलरला मिळाली. कुमिंगाला ती चार वर्षांत एकदाही मिळालेली नाही. सतत बेंचकडे बघत खेळणारा मुलगा पास देऊन कट मारत नाही, त्याला बॉल परत हवा असतो, कारण पुढची संधी कधी येईल त्याला माहीत नसतं. मैदानवाली ताई, तुम्ही ज्याला शिकवण्याची उणीव म्हणता त्यातला निम्मा भाग मला असुरक्षितपणा वाटतो.

मैदानवाली

निम्मा असेलही. माझ्याकडच्या मुलींतही हे बघते. जिला पुढच्या सामन्याची खात्री नसते ती बॉल सोडत नाही, हे खरं आहे. पण मी तरीही झोन डिफेन्स यांच्या प्रश्नाच्या बाजूने आहे, कारण रिबाउंडला आत्मविश्वास लागत नाही. शॉट गेला की आपल्या माणसाला पाठीवर घ्यायचं आणि वर जायचं. हे तो उद्यापासून करू शकतो. सामन्याला आठ रिबाउंड आणि फ्री थ्रो पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, एवढं त्याने आणावं. मग थ्री ३१ टक्के राहिला तरी त्याला चौथ्या क्वार्टरमध्ये बसवायला कोचकडे कारण उरणार नाही.

फ्रिमाँटकर

आठ जास्त होतात. ग्रीनशेजारी खेळताना सहा-साडेसहा आले तरी मी खूश होईन. फ्री थ्रोबद्दल मात्र पूर्ण सहमत.

गोदाकाठ

फ्री थ्रोची अट मलाही मान्य. रिबाउंडवर सहा धरू. पण मग दुसऱ्या बाजूनेही शब्द हवा: त्याने हे आणलं, तर शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात असणाऱ्या पाचात तो असलाच पाहिजे, करी असो वा नसो.

झोन डिफेन्स

करी नसेल तर आजही माझी हरकत नाही. करी असेल, तर मूडी बाहेर की कुमिंगा बाहेर हे मी त्या रात्री समोर कोण आहे ते बघूनच ठरवेन.