मदत हवी आहे: महर्षी शिंदे यांच्या फलकासाठी नेमका शब्द

निपाणीजवळच्या आमच्या वाचनालयात २ जानेवारीला, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या स्मृतिदिनी, मराठी-कन्नड फलक लावायचा आहे. जन्म १८७३ चा, जमखंडीचा, म्हणजे आपल्याच मुलखातले. ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करून आले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

अडलंय ते 'प्रचारक'पाशी. मुलांना त्यातून निवडणुकीचा प्रचारच कळतो. 'धर्मगुरू' लिहिलं तर मठाचे स्वामी वाटतात. कन्नडच्या सरांनी सुचवलेलं 'धर्मोपदेशक' चर्चकडे झुकतं. वाचणारी मुलं सातवीची, खुलाशाला जागा नाही. उपासना चालवणारे आणि वस्तीत जाऊन काम करणारे, दोन्ही अर्थ येतील असा, दोन्ही भाषांत चालणारा शब्द कोणता?