लाकडी फोकबोट घेताना नेमकं काय तपासायचं?

शिडकरी: डेन्मार्कमध्ये 1965 ची लाकडी नॉर्डिक फोकबोट (छोटी शिडाची बोट) विकायला आहे. व्हार्निश आरशासारखं आहे. फायबरची सोडून लाकडी घेण्यात अर्थ आहे का? आधी काय पाहावं?

खारावारा: अर्थ आहे. 1942 च्या स्कँडिनेव्हियन स्पर्धेत एकही आराखडा पूर्ण पसंत पडला नाही, म्हणून चांगल्या आराखड्यांतले गुण घेऊन टोर्ड सुंडेन यांनी ही बोट रेखाटली. लांबी 7.68 मीटर, वजन साधारण 1,930 किलो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लोखंडी कीलचं, म्हणजे तळाला बोल्टने बसवलेल्या जड कण्याचं. त्यामुळे वारा चढला तरी ती आडवी होत नाही, शांतपणे लाट कापते. ब्लाँडी हॅसलर यांनी 1960 च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला तो 'जेस्टर'वर. तीही फोकबोटच, पण बदल केलेली, शीड चिनी धाटणीचं.

रंधा: व्हार्निशवर भुलू नका. लाकूड कुजतं ते पावसाच्या पाण्याने, खाऱ्या पाण्याने नव्हे. म्हणून डेकच्या कडा, केबिनचे कोपरे आणि मागच्या आडव्या फळीचा वरचा भाग चाकूच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज रुतलं की आत कूज आहे. मग बोटीच्या आतल्या, पायाखालच्या फळ्या उचला. जिथे तळ वळतो तिथेच वाकवलेल्या ओकच्या फासळ्या तडकतात. दोन-चार असतील तर शेजारी नवी फासळी बसवता येते. ती वाकवण्यासाठी आधी वाफवायची, लाकडाच्या दर इंच जाडीला तासभर. सलग तडकल्या असतील, तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.

कीलचा निदान एक बोल्ट काढून बघाच. ओल्या ओकमध्ये लोखंड मधोमध बारीक होतं, वरचं नट मात्र ठणठणीत दिसतं.

शिडकरी: फळ्यांच्या जोडात बारीक फटी दिसतात. सीलंट भरू का?

रंधा: अजिबात नको! या फळ्या एकमेकींवर चढवून तांब्याच्या रिव्हेटनी जोडलेल्या असतात. हिवाळाभर जमिनीवर सुकल्यावर फटी पडणारच. त्यात कडक सीलंट भरलं, तर लाकूड पाण्यात फुगताना जागा उरत नाही आणि ताण थेट रिव्हेटवर येतो. पाण्यात उतरवल्यावर दोन-तीन दिवस क्रेनच्या पट्ट्यात ठेवा, पंप चालू ठेवा. त्यानंतरही गळालं, तर ढिले रिव्हेट आवळा: एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंड धरायचं, दुसऱ्याने आतून हलक्या हाताने ठोकायचं.