मुलाची स्वमग्नता वाडीला सांगावी की घरातच ठेवावी?

खाडीपलीकडे:
स्वमग्नता (ऑटिझम) हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत पहिली दोन वर्षं "हेचो बापूस पण उशिराच बोललेलो" या एका वाक्यात जातात. मग राखणदाराची (जागा राखणाऱ्या दैवताची) नाराजी, घराण्याचा दोष, आणि शेवटी "आईने मोबाइल दिला म्हणून". अमेरिकेत १९५०-६०च्या दशकांत आईच्या कोरडेपणामुळे स्वमग्नता होते असं डॉक्टरच म्हणत. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये तो विचार खोडून काढला. मोबाइलचा वेळ कमी करावाच, पण स्वमग्नता त्याने होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. थेरपी किती तास मिळाली याइतकंच, घर मुलाकडे कसं बघतं यावर सगळ्यांची तब्येत ठरते. लाज वाटली की मूल लपवलं जातं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी वर्षातून दोनदा होते, नेमकं त्या दिवशी मूल घरी ठेवलं की निदान आणखी लांबतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाचणी आहे: हाकेला वळतं का, आवडलेली वस्तू बोटाने दाखवतं का, असे साधे प्रश्न. ब्रिटनमध्ये २०१८ साली १११ स्वमग्न प्रौढांचा अभ्यास झाला. ज्यांना आजूबाजूच्यांनी आणि स्वतः स्वतःला स्वीकारल्याचं जाणवत होतं, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं.

आणि वाडीला सांगायचं सगळ्यांत रोकडं कारण म्हणजे पाणी. बरीच स्वमग्न मुलं न सांगता निघून जातात, त्यातल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे पावलापावलावर विहीर, वहाळ, खाडी. निदान झालं की महिन्याभरात वाडीला सांगून टाका.

कातळसडा:
असहमत. त्या अभ्यासात माणसांना एकदाच प्रश्न विचारले होते. स्वीकारामुळे नैराश्य कमी झालं, की नैराश्य कमी असलेल्यांना स्वीकार जास्त जाणवला, हे त्यातून ठरत नाही.

शिवाय "वाडीला सांगा" म्हणणं सोपं आहे. वाडीतली गोष्ट आठवडाबाजारापर्यंत जाते आणि पुढे बहिणीच्या स्थळापर्यंत. भावंडांत स्वमग्नतेची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे खरं असल्यामुळे "तुमच्या घराण्यात हे आहे का" या स्थळाच्या प्रश्नाला "अज्ञान" म्हणून उडवूनही लावता येत नाही. त्या मुलीची किंमत कोणी मोजायची?

निदानाचं नाव पाच-सहा जणांपुरतं ठेवा: अंगणवाडी सेविका, वर्गशिक्षक, डॉक्टर, दोन शेजारी. बाकीच्यांना फक्त गरज सांगा, तीही एका दमात: "हाक मारली तरी वळणार नाही, पाण्याकडे धावतो, दिसला तर हात धरून घरी आणा, ओरडू नका." विहिरीला कठडा असला तरी वर लोखंडी जाळी आणि कुलूप हवंच, कठड्यावर मुलं चढतात. बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, कडी बाहेरून आणि वरच्या बाजूला. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या जागा बघायच्या, घर नंतर. यातल्या कशालाही "ऑटिझम" हा शब्द लागत नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र लगेच काढा, ते वाडीला दाखवायचं नसतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे आहे. त्यासाठीच्या 'इसा' (ISAA) या स्वमग्नतेच्या मोजणीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० गुण झाले की ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. निरामय या सरकारी योजनेचा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा प्रमाणपत्रानंतरच मिळतो.

पत्र्यावरचा पाऊस:
तुम्ही दोघंही वाडीवर अडलात. कोकणातल्या अनेक घरांत आईवर सगळ्यांत जड पडते ती मुंबईत असलेल्या बापाची नजर.

तो येतो गणपतीला आणि शिमग्याला. म्हणजे मुलाची घडी सगळ्यांत विस्कटलेली असते नेमके तेच दिवस त्याला दिसतात. घरात पंधरा माणसं, झोपायची जागा बदललेली, आरतीच्या झांजा, रात्री भजन, मध्येच फटाके. मूल कान दाबून परसात पळतं, जेवत नाही, झोपत नाही. तेवढंच चित्र मनात घेऊन बाप परत जातो आणि वर्षभर फोनवर "तू लाडावलंस" म्हणतो. त्याची माया कमी असते असं नाही, त्याने बघितलेले दिवसच चुकीचे असतात. वर्षातून एक आठवडा साध्या दिवसांत यावं, जानेवारी बरा. त्या आठवड्यात शाळेत आणि थेरपीला मुलाला त्यानेच न्यावं.

गणपतीची तयारी दोन आठवडे आधीपासून करायची. झांजांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू, दिवसाला २-३ मिनिटं. मूल कान झाकू लागलं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून हळू आवाजापासून सुरू करायचं. एक खोली पाहुण्यांना द्यायचीच नाही, तिथे मुलाचं नेहमीचं अंथरूण. आंघोळ, पूजा, आरती, जेवण, झोप अशी पाच चित्रं पुठ्ठ्यावर लावून, जे झालं ते उलटं करायचं. कारखान्यात वापरतात तसे कानावर बसणारे आवाजरोधक चालतात, पण आरतीपुरतेच. दिवसभर घातले तर साधे आवाजही सहन होईनासे होतात. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे "सवय होईल" म्हणून आरतीत दंड धरून उभं करणं. त्याने सवय होत नाही, भीती पक्की होते.

शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा ढोल बेड्याबाहेर थांबवायची विनंती मानकऱ्यांना आदल्या दिवशीच करावी. आणि त्यासाठी, कातळसडा, काहीतरी सांगावं लागतंच.

सुरंगी:
"स्वीकार" हा शब्द बोलणाऱ्या, शिकणाऱ्या मुलांना शोभतो. रात्री दोन वाजता भिंतीवर डोकं आपटणाऱ्या, एक शब्दही न बोलणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाच्या आईला "ही वेगळी घडण आहे" ऐकून काय मिळणार? तिथे स्वीकाराच्या नावाखाली तपास थांबतो, हे जास्त घातक आहे.

वागणं अचानक बिघडलं तर आधी दुखणं शोधा: दात, कान, बद्धकोष्ठता. न बोलणारा माणूस दुखणं वागण्यातूनच दाखवतो. दोन आठवडे वहीत लिहा, किती वाजता झालं, आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं. ती वही डॉक्टरला दाखवा, नुसतं "फार त्रास देतो" सांगू नका.

देवाला गाऱ्हाणं घालण्याला माझा अजिबात विरोध नाही, आईचं मन हलकं होतं. पण मुलाला फिटही येत असतील, तर भगताच्या सांगण्यावरून त्या गोळ्या एकदम बंद करू नका. त्याने न थांबणारी फिट येऊ शकते, आणि तालुक्याचं हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर असतं.

खाडीपलीकडे:
सुरंगी, तपास हवाच, मान्य. कातळसडा, गरज सांगणारं वाक्य माझ्या "सांगून टाका"पेक्षा चांगलं आहे, तेही मान्य. पण एक माणूस तुमच्या यादीत नाही, तो मुलगा स्वतः. "कोणाला सांगू नको" हे घरात रोज बोललं गेलं तर तो ते ऐकतो. जी मुलं समजून घेऊ शकतात ती मग इतरांसारखं वागण्याचं नाटक शिकतात, मुली तर फार लवकर. शाळेत दिवसभर शहाणी आणि घरी आल्या आल्या आदळआपट, असं दिसलं की घरच्यांना वाटतं ही आम्हालाच छळते. तसं नाही, दिवसभर दाबून धरलेलं तिथे सुटतं. शाळेतून आल्यावर अर्धा तास प्रश्न नाहीत, अभ्यास नाही, एवढी सूट द्या.

कातळसडा:
मुलाला स्वतःला सांगायला माझी ना नाही. वयात यायच्या आधी, त्याच्या भाषेत, त्याला जमतं तेही धरून सांगावं. बहिणीला मात्र तिने विचारायच्या आधी सांगा. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्याच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या, जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आईवडिलांनंतर तो अर्ज बहुधा तीच करणार आहे.