मॉरिशसवर राज्य इंग्रजांचं, मग भाषा फ्रेंच कशी काय राहिली?

समुद्रवेडा:
मॉरिशस 1810 ते 1968 इंग्रजांकडे होतं ना? मग तिथले पेपर फ्रेंचमध्ये, घरात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) आणि सिव्हिल कायद्याचा पाया नेपोलियनचा, हे कसं काय? आपल्याकडे 1818 ला पेशवाई बुडाली आणि हळूहळू वरची कोर्टं, कॉलेजं सगळं इंग्रजीत गेलं. तिथे सुरुवातीला असं काय वेगळं झालं, नीट सांगा ना कोणीतरी.

जुने_नकाशे:
याचं मूळ शरणागतीच्या करारात आहे. तेव्हा मॉरिशस फ्रेंचांकडे होतं. ऑगस्ट 1810 मध्ये बेटावरच्या ग्राँ पोर्टला फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराला चांगलंच झोडपलं होतं, म्हणून नोव्हेंबरअखेर इंग्रज प्रचंड फौज घेऊन बेटाच्या उत्तरेला उतरले, त्यात हिंदुस्थानी शिपाईही होते बरं का. 3 डिसेंबरला फ्रेंच गव्हर्नर दकाँ शरण आला, पण अटी बघा, फ्रेंच सैनिक कैदी न होता मायदेशी जाणार आणि रहिवाशांचा धर्म, कायदे, रीतिरिवाज जसेच्या तसे राहणार. आता कायदा फ्रेंच म्हटल्यावर वकील, नोटरी, जमिनीचे दस्त सगळं फ्रेंचच चालू राहिलं. इंग्रजांना हवं होतं ते बंदर, कारण तिथूनच हिंदुस्थानच्या वाटेवरची त्यांची जहाजं लुटली जायची. म्हणून तर 1814 च्या तहात मॉरिशस ठेवलं आणि शेजारचं रेयुनियाँ परत दिलं. इंग्रज तिथे वसायला फारसे आलेच नाहीत, मग भाषा बदलणार कोण?

मीनल_वाचते:
बरोबर, पण याला कोणी इंग्रजांचा मोठेपणा म्हणू नका प्लीज. "रीतिरिवाज राहतील" यात गुलामगिरीसुद्धा राहिली! गुलामांचा व्यापार इंग्रजी कायद्याने 1807 लाच बंद झाला होता, तरी पहिला इंग्रज गव्हर्नर फार्कुहार याच्या काळात चोरून माणसं उतरवली जातच होती. 1832 मध्ये गुलामगिरीविरोधी जॉन जेरेमी सरकारी वकील म्हणून आला तर फ्रेंच मळेवाल्यांनी राजधानी पोर्ट लुईची दुकानं बंद पाडली, कामकाज ठप्प केलं, आणि तेव्हाच्या गव्हर्नरने जेरेमीलाच परत पाठवलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला ही गोष्ट वेगळी. शेवटी 1835 ला गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना, साधारण 20 लाख पौंड, आणि ज्यांनी उन्हात ऊस तोडला त्यांना एक दमडी नाही. मला हे वाचून अजूनही संताप येतो.

कोकणकडा_88:
आणि त्या गुलामांच्या जागी मळ्यांवर कोण गेलं तर आपली माणसं. 1834 पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरातून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले, मुंबईहून जाणाऱ्यांत रत्नागिरीकडचे बरेच. सरकार इंग्रजांचं पण मळ्याचा मालक फ्रेंच, म्हणून ही माणसं रोजच्या कामात क्रिओल शिकली, इंग्रजी नाही. 1847 ला वरच्या कोर्टात इंग्रजी सक्तीची केली खरी, पण मळ्यात आणि बाजारात काय फरक पडणार त्याने. आज तिथले मराठी लोक घरी क्रिओल बोलतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.