मुलगा भरती झाला, तर आईला ‘वीरमाता’ म्हणावं का?

कोरेगावकर:
आमच्या भावकीतला मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमधलं ट्रेनिंग पुरं करून पहिल्या सुट्टीवर गावी येतोय. तरुण मंडळानं सत्काराचा फ्लेक्स करायला घेतलाय. मुलाच्या फोटोखाली आई-वडिलांचे फोटो आणि त्यावर ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ असं ठरलं होतं. मजकूर दाखवला तेव्हा मुलाची आई गप्पच झाली. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, “माझं नुसतं नाव घाला.” पोरांना कळेना काय चुकलं. वीराची माता ती वीरमाता, अर्थ तर मानाचाच आहे. जाणकारांनी सांगावं.

शब्दवेडा:
समास तुम्ही म्हणता तसाच सुटतो. जिजाऊंना आपण वीरमाता म्हणतो ते पराक्रमी पुत्राची आई याच अर्थानं. मुंबईच्या ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ संस्थेचं नाव १९९७ साली ‘वीरमाता जिजाबाई’ झालं, तिथंही तोच अर्थ आहे.

पण शब्द समासावर चालत नाही, वापरावर चालतो. आज ‘वीरमाता’, ‘वीरपिता’, ‘वीरपत्नी’ हे शब्द मुख्यतः हुतात्मा जवानांच्या घरच्यांसाठी रुळले आहेत. शौर्यपदक मिळवलेल्या हयात जवानाच्या आईलाही कुठे कुठे वीरमाता म्हणतात, ते खरं. तरी २६ जानेवारीच्या कार्यक्रमात ‘आता वीरमातांचा सत्कार’ असं पुकारलं की पुढे येणाऱ्या बाईचा मुलगा या जगात नाही, असंच सगळा मांडव धरून चालतो. त्या माउलीनं तुमच्या फ्लेक्सवर नेमकं तेच वाचलं असणार. ‘जवानाचे आई-वडील’ लिहा. साधं आहे, आणि कुणाच्या काळजाला लागणारं नाही. मंडळानं तिचं ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातारची आई:
माझा मुलगा फौजेत आहे, म्हणून लिहिते. त्या ताई गप्प का झाल्या ते मला लगेच कळलं.

आमच्या घरात शब्द फार जपून वापरतात. ‘तो गेला’ असं नुसतं कुणी म्हणत नाही. ‘ड्युटीवर आहे’, ‘सध्या वरती असतो’, ‘युनिट हलली’ असं म्हणतात. सुट्टी संपवून तो निघतो तेव्हा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘येतो’ तर सगळ्याच मराठी घरांत म्हणतात, पण आमच्याकडं तो शब्द राहून गेला तर त्याला उंबऱ्यातून परत आत बोलावतील. माझ्या सासूबाई तर ‘ये हं’ असं उत्तर दिल्याशिवाय त्याला पिशवी उचलू देत नाहीत.

‘काळजी’ हा शब्द फोनवर चालत नाही. ‘काळजी वाटते’ म्हटलं की पलीकडं पोराचं मन लागत नाही. मग आम्ही ‘जेवलास का’, ‘थंडी किती आहे’, ‘पायाला फोड आलेत का’ एवढंच विचारतो. त्याचे बाबा तेही विचारत नाहीत, नुसतं ‘रेंज बरी आहे ना आज’ म्हणतात. काळजी हा शब्द काळीज या शब्दावरून आलाय असं शाळेत ऐकलं होतं. ते पटलं मला मुलगा भरती झाल्यावर. बायका बायका बसल्या की मात्र ‘जिवाला घोर लागलाय’ असं म्हणतो, तेवढ्यापुरतं मोकळं होतं. टीव्हीवर सीमेची बातमी लागली आणि त्याच दिवशी फोन लागला नाही की मग कुठलाच शब्द पुरत नाही.

आणि अभिमान आहे हो. तो किती आहे ते सांगता येणार नाही. पण तो गावानं बोलावा. आईनं स्वतः बोलला तर दृष्ट लागेल असं वाटतं.

खडकवासलेकर:
ताई, तुमच्या प्रतिसादानंतर लिहायला हात धजत नाही, पण ‘अभिमान’ या शब्दाबद्दल थोडं सांगतो. संतांच्या मराठीत हा शब्द बहुधा दोषाचाच आहे. देहाभिमान सोड, असं सगळे सांगतात. गीतेच्या १६व्या अध्यायातही दंभ आणि दर्प यांच्याच रांगेत तो बसलाय. आजच्या मराठीत त्याचा दोष धुऊन निघाला आणि तो सगळा ‘गर्व’ या शब्दाकडे गेला. म्हणून ‘मला माझ्या मुलावर गर्व आहे’ ही जाहिरातींतून येणारी वाक्यं कानाला खटकतात. हिंदीत गर्व चांगला, मराठीत गर्वाचं घर खाली. फ्लेक्सवाल्या पोरांनी एवढं तरी सांभाळावं.

काही रेजिमेंटल सेंटरांत शपथेच्या परेडनंतर जवानांच्या आई-वडिलांच्या छातीवर ‘गौरव पदक’ लावतात. ‘गौरव’ शब्द ‘गुरू’पासून आलाय आणि संस्कृतात त्याचा पहिला अर्थ जडपणा, वजन असाच आहे. ताईंनी वर जे लिहिलंय त्याला हा शब्द मला अभिमानापेक्षा जवळचा वाटतो.

शब्दवेडा:
मूळ प्रश्न वीरमातेचा होता, पण अभिमान आणि धास्ती एकाच वेळी सांगणारं मराठीत काही आहे का, असं मनात आलं. एक शब्द नाही, वाक्प्रचार आहे: ‘ऊर भरून येणे’. अभिमानानंही ऊर भरून येतो आणि दुःखानंही. ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. परेडच्या मैदानावर उभ्या असलेल्या आई-वडिलांना विचारलं, तर यातलं कुठलं, हे त्यांना वेगळं काढून सांगता येईल असं वाटत नाही.

खडकवासलेकर:
खरं आहे. आणि आता हे नुसतं मुलांपुरतं राहिलेलं नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि २०२५च्या मे महिन्यात त्यातल्या १७ जणी दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीनं चालल्या. ‘लेकीची काळजी’ म्हटलं की आपल्या मराठीत आजवर स्थळ, हुंडा, सासर हेच यायचं. या आई-बापांच्या तोंडी तिचा अर्थ पोस्टिंग असा होतोय. अशा घरांतलं कुणी इथं असेल तर लेकीला निरोप देताना तुम्ही काय म्हणता, ते जरूर लिहा. ‘पाठवणी’ हा शब्द तिथं कुणी वापरत असेल असं मला तरी वाटत नाही.